भिकूची पट्टी

मु. तळीये, फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, शके १८५५

चि. भिकूस,

गिरणीतल्या आपल्या गाववाल्यांच्या हुतुतू संघातून निघून तू कुडपणकरांच्या संघात गेलास, हे खरं आहे. काल मुंबईहून आलेल्या भागोजीने ते आईसमोर सांगितलं. तू आपणहून गेलास की त्यांनी तुला नेलं, हे मात्र त्यालाही ठाऊक नाही.

तो म्हणाला, "ज्यांच्या संघात खेळायचं, त्यांच्या गावची पट्टी भरायची. भिकूच्या खेळाच्या पैशातनं आता कुडपणच्या देवळासाठी कापतात."

हे गावकीत कळलं. पंच गोमाजी ओट्यावर येऊन म्हणाला, "सयाजी, भाऊस तुझा दम धरतो कुडपणसाठी, पट्टी भरतो तिकडं, आनि देवीची पालखी आमची तुझ्या दारात कशी येल रे? तिकडचीच बोलव."

"मग मी भरलेली पट्टी?"

"घर एक, पट्टी एक. अर्ध्या घराला पालखी कशी दावायची?"

मला काही उलगडत नाही. आई इथं, शेत इथं, मग एका खेळाने तू परगावचा कसा झालास? तुलाच विचारावं म्हणून लिहायला बसलो. पण संघाबरोबर तुझी गाववाल्यांतली खोलीही सुटली म्हणे. पत्ता कुठला घालू?

परवा होळी. दुसऱ्या दिवशी पालखी दारोदार फिरेल. आपल्याकडे वळेल का, सांगता येत नाही. आईने ओटीचा नारळ मात्र आणून ठेवला आहे. म्हणते, "दार उघडं ठेव. कुठलीबी येऊ दे, माझ्या लेकाची पट्टी हाय तिच्यात."

तुझा दादा,
सयाजी