मेथीला सोडा

३ ऑगस्ट

झाडाला सोडा पाजला तर झाड जोमाने वाढतं का — हा काय प्रश्न झाला! पस्तीस वर्षं घोडेगावच्या स्टँडसमोर सोडा विकतोय. एकाही झाडाने आजवर मागितला नाही.

पण गुलाबबाई आज ताट वाढताना भिंतीकडे बघून म्हणाली, "डिंगोऱ्याला घरातल्या पोरीला शाळेत हा प्रयोग दिलाय. सोड्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" मी वरण कालवत राहिलो. डिंगोरे गावाचं नाव निघालं की मला ऐकू येत नाही, हे ठरलेलं आहे.

पण घरातली पोर! म्हणजे आमच्या राखीला मुलगी आहे. शाळेत जाणारी. आणि मला हे आज कळतंय.

४ ऑगस्ट

इथे लिहायला हरकत नाही. वही चुगली करत नाही. राखी माझी आणि गुलाबबाईची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी डिंगोऱ्याच्या आदेशशी लग्न करून गेली. मुलगा शेतकऱ्याचा, आमच्या जैन समाजाचा नाही. मी म्हणालो, या घरात तिचं नाव काढायचं नाही. आणि शब्दाला जागलो — गाढवासारखा! गुलाबबाई मागच्या दारात उभी राहून तिच्याशी फोनवर बोलते, तेव्हा मी मुद्दाम दुकानात जाऊन बसतो.

नात फार तर दहा वर्षांची असेल. म्हणजे पाचवीत. केस राखीसारखे कुरळे असतील का?

तेलाचे तीन डबे कापले, माती भरली, मेथी पेरली. एकाला पाणी, एकाला साधा सोडा, एकाला बाटलीतलं गोड रंगीत.

८ ऑगस्ट

तिन्ही डबे उगवले. सोड्याचा सगळ्यांच्या आधी! माझा सोडा आहे, राव!

११ ऑगस्ट

डोंगराकडच्या गाडीची वाट बघत नेहमीचं गिऱ्हाईक सावळेराम दुकानात टेकला होता. डबे बघून म्हणाला, "शेठ, मेथीला सोडा? उद्या म्हशीला आइसक्रीम चाराल!" मी म्हणालो, नातीचा प्रयोग आहे. तोंडातून निघूनच गेलं. "आँ? नात हाय व्हय तुमाला? कधी बोलला न्हाई!"

'नातीचा' हा शब्द दिवसभर खडीसाखरेसारखा जिभेवर घोळवला. गिऱ्हाइकाला लिंबू सोड्यात मीठ दोनदा घातलं.

१४ ऑगस्ट

गोड डब्याला मुंग्या. शेकडो! चिकट मातीत अडकून मेलेल्या. ऐन चातुर्मासात माझ्या हातून ही हिंसा. मी पाणी गाळून पिणारा माणूस! मेथीही पिवळी पडली, बुडाशी बुरशी. साखर काही झाडाला पचली नाही. तो डबा बंद.

तिकडे पोरीच्या हातूनही मुंग्या मरत असतील. राहवेना. गुलाबबाईकडे पाठ करून म्हणालो, "कुणी प्रयोग करत असेल तर गोड घालू नका म्हणावं." अकरा वर्षांत माझा पहिला निरोप डिंगोऱ्याला गेला.

१५ ऑगस्ट

उत्तर आलं! गुलाबबाई पोळी लाटता लाटता म्हणाली, "उंची विचारलीय. पट्टीने मोजून." मोजली. पाण्याची सात सेंटिमीटर, सोड्याची साडेआठ. पानंही जास्त हिरवी.

कॉलेजचे एक सर सोडा प्यायला येतात, त्यांना विचारलं. म्हणाले, सोड्यातल्या वायूने पाणी थोडं आंबट होतं, मातीतलं लोह वगैरे झाडाला उचलायला सोपं जातं. पण रोज घालाल तर मुळांना सोसणार नाही. सगळं एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. खाली सही काय करावी ते सुचेना. 'आजोबा' लिहिलं. मग कागद फाडला.

१८ ऑगस्ट

कामाला जुन्नरला गेलो होतो. स्टँडवर ओतूरची गाडी लागलेली. तिथून डिंगोरे कितीसं लांब! पायरीवर पाय ठेवून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, चढताय का उतरताय? बाकीच्यांना जाऊ द्या की!"

उतरलो. गाडी गेल्यावरही तिथेच उभा होतो. फार आठवण येते राखीची. लहानपणी सोड्याचा ढेकर आला की टाळ्या वाजवायची.

२३ ऑगस्ट

पाण्याच्या मेथीने गाठलं! दोन्ही आता सारख्याच, आणि सोड्याची पानं टोकाला करपायला लागलीत. म्हणजे सुरुवातीचाच काय तो जोर. पोरीला खरं सांगायचं की दुकानाची अब्रू राखायची? खरंच सांगणार. आजोबाने पहिलीच गोष्ट खोटी सांगू नये. पण हे निरोपाने नाही सांगायचं. स्वतः.

२७ ऑगस्ट

संवत्सरी. उपवास, प्रतिक्रमण. आज वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागायची. दरवर्षी न चुकता मागतो — नातेवाईक, शेजारी, गटारावरून भांडलेला तो समोरचासुद्धा. 'मिच्छामि दुक्कडम' म्हणत दिवसभर फोन. फक्त तिला नाही. म्हणे क्षमापना!

संध्याकाळी चष्म्याच्या डबीत चिठ्ठी सापडली. गुलाबबाईचं अक्षर. दहा आकडे, बाकी काही नाही.

२८ ऑगस्ट

सकाळी फोन लावला. "पप्पा?" — एका हाकेत ओळखलं! आवाज तोच. मिच्छामि दुक्कडम राहिलंच. भडाभडा मेथीचंच बोलत सुटलो. मग म्हणालो, "पोरीला दे फोन. आणि मी येतोय. नातीला बघायला येतोय."

ती म्हणाली, "हर्षाली माझ्या जाऊबाईंची मुलगी आहे, पप्पा. मला मूल नाही झालं." आणि मग, अगदी हळू —

"तरी याल ना?"