तुरीच्या थप्पीवर उलटा लॅपटॉप

मुक्काम रिसोड, नवी तूर बाजारात येऊन राह्यली ते दिवस

चिरंजीव गजेंद्र,

माह्या एकुलत्या एक साळ्याले हिरालाल जिजाजीचा जय जिनेंद्र, आणि वयानं मोठा असल्यामुळे फुकटात आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे. तुही बहीण सुचिता ठणठणीत आहे (हे लिहून राह्यलो तं ती दारातून डोकावून गेली, म्हणून तिचं आधी लिहिलं). माहा गुडघा थंडीनं कुरकुर करते, पण त्याचं कोणी ऐकत नाही. तुह्या बायकोचं, चंदनाचं, पित्त कसं आहे? तू टकलाले नवीन तेल चोळून राह्यला होता, त्याले काही पीक आलं का? आलं असन तं फोटो पाठव, नसन तं राहू दे.

आता मुद्द्याचं. गजेंद्र, तू हरला. आमी जिंकलो. हे वाक्य मी फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मधातच बोलते. पत्रात तुले बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला.

तुले आठवते, दिवाळीले तू तुहा जुना लॅपटॉप आमाले देऊन गेला, मोठ्या मनानं. (मनापेक्षा लॅपटॉप वयानं मोठा होता, ते जाऊ दे.) सुचितानं त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि माहा भाऊ किती दानशूर म्हणून सगळ्या गल्लीत सांगून आली. दोन महिने तो कपाटावर सुखानं झोपला होता. मंग आपल्या चेतनाले पुण्याच्या धान्य तपासणाऱ्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरूनच, कंप्युटरवर, कॅमेऱ्यासमोर. मोबाइल चालणार नाही, ही त्यांची अट. पोरीनं बी.एस्सी. ॲग्री केल्यापासून एवढं एकच बोलावणं तिच्या मनासारखं आलं होतं, त्यामुळे घरात नुसता उत्साह. आणि त्या कंपनीचा प्रोग्राम तुह्या जुन्या विंडोजवर उघडेच ना.

बसस्टँडजवळ धम्मपालचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं नवं विंडोज टाकून देलं. टाकल्याबरोबर लॅपटॉप मुका झाला, बहिरा झाला आणि आंधळाही झाला. आवाज नाही, माइक नाही, कॅमेरा नाही, वायफायचं तं नावच नाही. धम्मपाल म्हणे, काका, आतल्या एकेका भागाले विंडोजशी बोलायले आपापला दुभाष्या लागते, त्याले ड्रायव्हर म्हणतात, आणि तुमचे दुभाषे जुन्या विंडोजचीच भाषा बोलून राह्यले. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचा नंबर टाकला तं तिथं स्वच्छ लिहून आलं की या मॉडेलले नवं विंडोज आमी मानत नाही. म्हणजे जन्मदात्यानंच हात वर केले!

तवा मी तुले फोन केला. तू काय म्हणाला होता, ते शब्द न् शब्द मले पाठ आहे. म्हणे, जिजाजी, तो डबा भंगारात टाका आणि चेतनाले आजच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याले माह्या घरी पाठवा, रिसोडात हे जमणार नाही. आता सांग, जवायाले असं बोलतात का? पुण्याले पाठवा म्हणाला असता तं मी मुकाट्यानं पाठवली असती. पण रिसोडात जमणार नाही म्हटल्यावर माहं डोस्कं फिरलं. मी जाहीर करून टाकलं की आमच्या घरची मुलाखत आमच्याच घरून होईन. सुचितानं कपाळाले हात लावला. चेतना काही भांडली नाही. ती एवढंच म्हणाली, बाबा, हे दुसऱ्यांदा बोलावत नाहीत बरं. आणि भरलेली बॅग तिनं पुन्हा रिकामी केली. ट्रॅव्हल्स निघून गेली आणि मंग मले घाम फुटला. खोटं कायले बोलू, लय भेव वाटलं. माह्या अकडीपायी पोरीचं वाटोळं होते का काय, असं वाटून जेवण जाईना.

पण माघार कोण घेते? लागलो कामाले. पह्यली पंचाईत अशी की नेट चालू करायचा ड्रायव्हर नेटवरच ठेवलेला. (ही अक्कल कोणाची, पाह्यजो जरा, तुह्याच जातभाई इंजिनिअरांची असन.) मोबाइल तारेनं लॅपटॉपले जोडला आणि मोबाइलचं नेट आत सोडलं. मंग एक वेबसाइट सापडली, तिच्यावर डाउनलोडची पाच हिरवी बटणं. चार लबाड आणि पाचवं त्यांचा मोठा भाऊ! एकानं असा प्रोग्राम घुसवला की तो दर घडीले लाल होऊन इंग्रजीत बोंबले, तुमचा कंप्युटर मरून राह्यला, मरून राह्यला. दुसऱ्यानं सगळी अक्षरं चिनी करून टाकली. सुचिता म्हणे, मी काढलेलं स्वस्तिक तेवढं वाचता येऊन राह्यलं, तेच पाहत बसा. धम्मपालनं ते सगळं पुसून पुन्हा नवं विंडोज टाकलं, आणि काका, आता तुमी बटणाले हात लावू नका, असं मले हात जोडून सांगतलं.

दुसऱ्या दिवशी अडतीवर बसलो होतो, पण चित्त ठिकाणावर नाही. तेवढ्यात इंझोरीचा गोविंदसिंग तूर घेऊन आला. पोते पाहा तं सगळे वेगवेगळे. कोणावर खताचं नाव, कोणावर साखर कारखान्याचं, कोणावर ढेपीचं. आपला हमाल लखन नेहमीसारखा आला, पोत्यात लोखंडी नळी खुपसली, मूठभर दाणे काढून माह्या हातावर ठेवले. मी एक दाणा दाताखाली धरला आणि तसाच उठलो! अरे गजेंद्र, मी जलमभर बारदान्यावरचं, म्हणजे वरच्या पोत्यावरचं, नाव वाचून माल घेतला का कधी? मंग या लॅपटॉपच्या झाकणावरचं नाव वाचत काहून बसलो? झाकण म्हणजे बारदाना. आत माल कोणाचा आहे, ते पाह्यलं पाह्यजे!

तूर तशीच टाकून धम्मपालकडे पळालो (गोविंदसिंग अजून त्यावरून बोलते). तं खरंच, आतल्या एकेका भागाले त्याचा सोताचा नंबर असते, आणि तोच भाग दहा कंपन्या आपापल्या झाकणाखाली घालतात. (नंबर कुठी दिसते ते धम्मपालनं दाखवलं, मी नाकारत नाही. पण कायले पाहायचा, हे कोणाले सुचलं?) आवाजाचा नंबर टाकला, तं दुसऱ्याच एका कंपनीच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपात तोच भाग निघाला! तिथला ड्रायव्हर घेतला आणि घरी येऊन टाकला. चेतनानं णमोकार मंत्र लावला आणि लॅपटॉप बोलला रे बाप्पा! सुचिता सैपाकघरातून भरल्या हातानं धावत आली. वायफाय तिसऱ्याच कंपनीचं निघालं, कॅमेरा चौथ्या. मी आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून अख्ख्या बाजारलाइनीले सांगतलं की पुण्याच्या इंजिनिअरनं भंगारात काढलेलं यंत्र हिरालालनं जिवंत केलं. चहा पाजला सगळ्याईले.

कॅमेरा चालू केला तं चेतना उलटी. डोस्कं खाली, खुर्ची वर. एका घराचा कॅमेरा दुसऱ्या घरी नांदायले गेला की थोडं असं होतेच. पण मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या दिवशीची ट्रॅव्हल्सही निघून गेलेली, आणि दुसरा ड्रायव्हर काही सापडेना. चेतना रडकुंडीले आली. मी म्हटलं, थांब. कॅमेरा उलटा आहे ना, मंग लॅपटॉपच उलटा करू! तुह्या लॅपटॉपचं झाकण पार मांगं वळते, हे एक बरं; तो तंबूसारखा पालथा उभा केला, कीबोर्ड मांगं, स्क्रीन समोर. स्क्रीनवरचं चित्र फिरवायची सोय विंडोजमध्येच निघाली. पोरगी सुलटी झाली. फक्त कॅमेरा आता बुडाशी गेला, तो थेट नाकपुडीत पाहे. तं दुकानात तुरीची थप्पी लावली, तिच्यावर लॅपटॉप चढवला, आजूबाजूले दोन पोते टेकू देले, आणि चेतनाले समोर बसवलं. लखनले गल्लीच्या तोंडाशी उभा केला, कोणी हॉर्न वाजवू नये म्हणून.

मी पोत्याआड बसलो होतो, सगळं ऐकलं. प्रश्न झाले, उत्तरं झाली. मंग त्यातल्या मोठ्या साहेबानं इचारलं, तुमच्या मांगं कायचे पोते आहेत? पोरगी गडबडली नाही. पोत्यातून मूठभर तूर घेतली, एक दाणा दातानं फोडला आणि म्हणे, सर, नवी तूर आहे, दाणा कटकन फुटत नाही, ओलावा जास्त आहे, आज भरून ठेवली तं कीड धरन. साहेबानं मंग मशीनवर ओलावा कसा मोजतात ते इचारलं, तिनं तेही घडाघडा सांगतलं. काल ईमेल आला. आपल्या चेतनाची निवड झाली! मले पोत्याआडच रडू आलं होतं, हे सुचितानं पाह्यलं, तिनं सांगायच्या आधी मीच लिहून टाकतो.

तं गजेंद्र, रिसोडात जमते. लक्षात ठेवजो.

चंदनाले जय जिनेंद्र, आणि तुहा आशीर्वाद वर देलाच आहे.

तुहा विजयी जिजाजी,
हिरालाल

ता. क. एवढं सगळं चालते तं पत्र हातानं काहून, असं तू इचारशील. प्रिंटर लॅपटॉपले अजून ओळख देत नाही. सुचिताले निवडीचा कागद मंदिरात ठेवायचा आहे, आणि धम्मपालकडे छापायले गेलो तं बाजारलाइनीत माही काय इज्जत राहीन? म्हणून तू तिकडे छाप आणि पोस्टानं पाठव. ईमेल चेतना तुले पाठवते.

ता. क. दुसरा. चेतना पुढच्या सोमवारी तिथं हजर होते. तुह्याच घरी राहीन, तुले इचारायचं काय त्यात. तिचं जेवण सूर्य मावळायच्या आत असते, ऑफिसातून यायले उशीर झाला तं पोरगी उपाशीच झोपन. चंदनाले सांगून डब्याचं आधी पाह्यजो.

ता. क. तिसरा. तिले कंपनी नवा लॅपटॉप देऊन राह्यली, हा इथंच राहते. थप्पी काल विकली, तूर गेली, आणि लॅपटॉप पुन्हा टेबलावर सुलटा आला. रोज संध्याकाळी तिले व्हिडिओवर पाहीन म्हटलं, तं काल तालीम केली. ती म्हणे, बाबा, तुमी उलटे लटकून राह्यले. हासत हासत म्हणाली, पण मले काही हासू आलं नाही. तं गजेंद्र, त्या कॅमेऱ्याचा नंबर मांगच्या पानावर लिहिला आहे, बरोबरचा ड्रायव्हर तू शोधून पाठव. पोरगी पुण्यात आमच्याबिगर राहीन, तिले बाप तरी सुलटा दिसला पाह्यजे. आणि ड्रायव्हर तू पाठवला, हे इकडे कोणाले सांगू नको.