कोटाच्या पाठीवरची फुली

यंग्सटाउन, रविवार

प्रिय वेन्डल,

तुझ्या आईच्या अंत्यविधीसाठी परवा नवा कोट घ्यायला गेलो. दुकानातली मुलगी कोटामागची पांढऱ्या दोऱ्याची फुली कापू लागली, तसा मी ओरडलो, "अगं, ती कंपनीची खूण आहे!"

"आजोबा, घडी विस्कटू नये म्हणून घातलेला टाका आहे तो. असाच घालून गेलात तर लोक हसतील."

बँकेच्या मुलाखतीच्या सकाळी तूही हेच म्हणाला होतास. तुझ्या हातातली कात्री मीच काढून घेतली. सारा जन्म पोलादाच्या भट्टीपुढे गेलेला मी, मला कोटातलं काय कळणार? तरी म्हटलं, "ती नव्या कोटाची शान आहे. तू शाळेत म्हणायचास त्या कवितेतल्या शिपायासारखा ताठ चाल."

संध्याकाळी तू म्हणालास, "निघायला वळलो आणि मागे सगळे हसले, बाबा."

"पोक काढून चालला असशील," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात तो कोट इथेच टाकून तू घर सोडलंस. अकरा वर्षं झाली. आज आईला निरोप द्यायलाही तू नव्हतास.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. हे पत्र तुझ्या त्या कोटात ठेवायला गेलो, तर दुकानातून आला तसा खिसाही अजून टाके घालून शिवलेलाच आहे.

तुझा हट्टी
बाबा