छबुबाईच्या घराची आणि सरपंच कुत्र्याची व्यवस्था

मी, छबुबाई भ्र. आश्रुबा दहिफळे, वय बहात्तर, धंदा वाकळी शिवणे व येसर करणे, राहणार करंजवाडी, तालुका परळी वैजनाथ, जिल्हा बीड, माझ्या ओसरीवर बसून, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने मला परवाच्या बाजारात मिरचीचा भाव करताना पाहिलेल्या कोणालाही विचारावे. मला कोणी धमकावले नाही की फूस लावली नाही. उलट, लिहू नको म्हणून दोघांनी सांगितले आणि ती दोघे माझीच लेकरे आहेत.

कायद्याचे शब्द परळीच्या वकील प्रियदर्शनीबाई यांनी सांगितले. कच्चा कागद वाचून त्या म्हणाल्या, "आजी, यातला निम्मा मजकूर मिळकतीचा नाही, तो काढून टाकू." मी म्हटले, मिळकत कशी झाली ते त्याच निम्म्यात आहे. मग त्यांनी काना-मात्रा तेवढ्या दुरुस्त केल्या.

कलम १. माझे वारस. मुलगा युवराज आश्रुबा दहिफळे. पुण्याजवळ कंपनीत आहे, तिथेच त्याचा फ्लॅट आहे. सून सायली आणि नात वैष्णवी त्याच्यासोबत असतात. दुसरी वारस मुलगी मंगल. तिच्या नवऱ्याने दुसरे घर केले, तेव्हा ती एक पेटी घेऊन माझ्याकडे आली आणि आजतागायत माझ्याजवळ आहे. शाळेत खिचडी शिजवते. तिचे नाव लिहिताना वकीलबाईंनी विचारले, पुढे 'भ्र.' लिहू की 'पि.'? म्हणजे नवऱ्याचे नाव की बापाचे. मी 'पि.' लिहा म्हटले. मंगल पि. आश्रुबा दहिफळे. ती शेजारीच बसली होती, पदराचा कोपरा दुमडत राहिली.

कलम २. घर. गावठाणातील दोन खोल्या, ओसरी, न्हाणी, मागचे अंगण व त्यातील शेवगा, असे माझे घर आहे. ही जागा मी वाकळी शिवून व लग्नांचे येसर करून घेतली आहे. खरेदीखत माझ्या नावाचे आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला माझे नाव आहे. आमचे मालक औष्णिक केंद्रात कंत्राटी कामाला होते. खरेदीच्या दिवशी ते म्हणाले, "बोटं तुझी टोचली, नाव माझं कावून लावायचं?" असा माणूस होता. त्यांच्या सदऱ्यांतली राख कितीही धुतली तरी जात नसे. त्यांच्यावर मी पुष्कळ चिडले, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकीचे सगळे माफ केले आहे.

मालक वारले तेव्हा त्यांच्या नावचे शेत युवराजला मिळावे म्हणून मंगलने हक्कसोड करून दिली. आमच्याकडे बहिणी देतातच, साडी घेतात आणि घरी जातात. शेत युवराजने विकले आणि फ्लॅट घेतला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. आता घरासमोरचा रस्ता मोठा झाला आहे आणि युवराजला घर पाडून गाळे काढायचे आहेत. दिवाळीत तो फूटपट्टीवाला माणूस घेऊनच आला. मी विचारले, मंगलचे काय?

"मंगीनं हक्कसोड दिल्याली हाय की. आता परत तिचं नाव कशाला काढायलीस?"

"ती राहील कुठं?"

"मागच्या अंगाला एक खोली देतो की तिला."

"लिहून देतोस?"

"बहीण हाय माझी. तिला कागद कशाला?"

हक्कसोडीला मात्र कागद लागला होता.

ही चूक आमच्या भागात सगळेच करतात. बाईने एकदा सही केली की ती सही जन्मभराची आणि सगळ्या घरादाराची, असे धरून चालतात. मंगलचाही तसाच समज होता. वकीलबाईंनी हक्कसोड वाचून दाखवली. तिच्यात शेताचा गट नंबर आहे, घराचा उल्लेखही नाही. आणि जिवंत आईच्या घरावरचा हक्क लेकीला आधी सोडता येत नाही, कारण तो अजून तिचा झालेलाच नसतो. घर माझे आहे, मी कोणालाही देईन.

सबब, सदर घर, ओसरी, न्हाणी, अंगण व शेवगा माझ्या पश्चात मंगल पि. आश्रुबा दहिफळे हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. युवराजचा किंवा अन्य कोणाचा त्यावर हक्क राहणार नाही.

हे ऐकून मंगल आनंदली, असे कोणी समजू नये. ती म्हणाली, "आई, मला घर नगं. दादा म्हणंल, हिनं माझं घर खाल्लं. मला भाऊ एकच हाय. राखी कुणाला बांधू?"

"अन् राहशील कुठं?"

"कोपऱ्यात पडून राहीन."

"कोणाच्या कोपऱ्यात?"

त्यावर ती भांडी घासायला गेली. तिची भीती खोटी नाही. आमच्या गल्लीत वाटा घेतलेल्या दोन बहिणी आहेत आणि त्यांच्या भावांची घरे त्यांना बंद झाली आहेत. मंगलला छप्पर द्यावे तर भाऊ जातो, भाऊ ठेवावा तर छप्पर जाते. घर तिलाच द्यायचे, हे माझे पक्के आहे. भावाची व्यवस्था काय करावी ते हे कलम लिहिताना सुचलेले नाही. सुचले की खाली लिहीन, तोवर पुढची कलमे उरकते.

कलम ३. सरपंच. हा आमचा कुत्रा आहे. शेजारचे बिभीषण निवडून आले, त्या दिवशी गुलालात माखलेले एक पिल्लू मिरवणुकीतून चुकून आमच्या दारात आले, म्हणून त्याचे नाव सरपंच पडले. बिभीषणने तो टोमणा समजला. "काकू, नाव बदला, लोकं हसायलेत," म्हणून सांगायला आला. मी म्हटले, तू पडलास की बदलीन. तो दोनदा निवडून आला. पडला तोवर कुत्र्याला नावाची सवय झाली होती आणि बिभीषणला माझ्याशी न बोलण्याची. आता कुत्र्याला एका डोळ्याने दिसत नाही. तो घरातच राहील, मंगल त्याला बघेल. त्याला भाकरी ताकात कुस्करून लागते, दुधात चालत नाही. नाव बदलू नये.

कलम ४. मांजर. नाव पाहुणी. एकदा आली आणि गेलीच नाही. ती कोणाला देता येणार नाही, तीच ठरवील.

कलम ५. वाकळी. कडीच्या पेटीत सहा वाकळी आहेत. मालकांच्या धोतरांची जाड वाकळ युवराजला द्यावी. त्याच्या फ्लॅटमध्ये फरशी गार लागते, असे तो स्वतःच म्हणतो. माझ्या इरकली लुगड्यांची वैष्णवीला. तिने मागच्या सुट्टीत माझ्याजवळ बसून दोन ओळी धावदोरा घातला आहे, वाकडा आहे, उसवू नये. सुया, दाभण, कात्री आणि बोटात घालायचे टोपण मंगलचे. बाकीच्या वाकळी तिने विकाव्यात किंवा पांघराव्यात.

सातवी वाकळ सरपंचाच्या अंगाखाली आहे. हक्कसोडीच्या दिवशी युवराजने मंगलला राणी रंगाची साडी घेतली होती. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला आणि सोबतच्या दोन झंपरांवर बसला. ती साडी मी त्या वाकळीत आतल्या थराला घातली आहे. कुत्र्याला चांगली ऊब मिळते. त्या साडीबद्दल आता कोणी काही बोलू नये.

कलम ६. येसर. आसपासच्या गावांतल्या लग्नांना आमटीसाठी माझे येसराचे पीठ जाते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, मसाला वेगळा, आणि म्हाळूच्या गिरणीत सगळे एकत्र दळायचे. लपवण्यासारखे त्यात काही नाही, घाई केली की बिघडते एवढेच. हे काम मंगलने पुढे चालवावे. दरवर्षी एक डबा सायलीला पाठवावा. सायली पुण्यात मिक्सरवर येसर करते. गेल्या वर्षी मी ते खाल्ले आणि नुसती "बरंय" म्हणाले. ते चांगले झाले होते.

माझे डोरले व जोडवी सायलीची. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही. मनात दिले असेल तर तो तिचा हक्क आहे.

कलम ७. जाऊ मंजुळाबाई. हिने तिच्या लेकीच्या लग्नात माझा पितळी डबा नेला आणि परत केला नाही. झाकण माझ्याकडे राहिले. इतकी वर्षे तिच्याकडे बिनझाकणाचा डबा आहे आणि माझ्याकडे बिनडब्याचे झाकण. माझ्या पश्चात झाकण तिला द्यावे. द्यायला मंगलने जाऊ नये, युवराजने जावे. त्याला ती चहा पाजते.

कलम ८. माझे दिवस. तेराव्याला येसरची आमटी, भात, बाजरीची भाकरी आणि गूळ एवढेच करावे. पनीर करू नये. बँकेत जे आहे त्यातून हा खर्च करावा. उरेल त्यातून ओसरीचे पत्रे बदलावेत, दोन ठिकाणी गळतात. माझा फोटो मोठा करून लावू नये. लग्नातल्या फोटोत मी रागावलेली दिसते आणि आधार कार्डावर त्याहून जास्त.

कलम ९. हे आज सकाळी बाजरी निवडताना सुचले. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, हे कोर्टात चालणार नाही." मी म्हटले, कोर्टात चालावे म्हणून लिहीतच नाही, घरात चालावे म्हणून लिहिते.

घर मंगलला दिल्यावर लोक विचारतील की म्हातारीने लेकाला काय दिले. युवराजलाही तोच प्रश्न पडेल आणि त्याला राग येईल. येऊ दे. युवराज, तुझ्यावर माझी माया कमी नाही. तू पहिला आहेस, तुझ्या वेळी मी कोवळी होते, तुला नीट धरताही येत नव्हते. पण तुला घर दिले तर तू ते पाडशील, कारण तुला ते जागा वाटते. तुझी बहीण कितीही लांब गेली तरी तिला हे घर आठवायचे, कारण इथे यायची तिला सोय होती. तुला तशी सोय कोणी केलीच नाही. बाप्याला माहेर नसते. आईबाप गेले की तो जागा विकून मोकळा होतो, त्यात त्याचाही फार दोष नसतो.

सबब, माझा मुलगा युवराज यास मी या घरात माहेर देते.

त्याचा तपशील असा. दरवर्षी दिवाळीला मंगलने त्याला बोलवावे. फोनवर नव्हे. भाऊ जसा बहिणीला आणायला मुराळी होऊन जातो, तसे मंगलने पुण्याला जावे आणि त्याला घेऊन यावे. सायली आणि वैष्णवी आल्या तर आनंदच आहे. तो पहिल्या वर्षी येणार नाही. मंगल, त्याने दार उघडले नाही तर पिशवी दाराला अडकवून परत ये आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा जा. तुला राखीला भाऊ हवा आहे ना? मग त्याच्यासाठी एवढी एस.टी. सोसायला हवी. कोपऱ्यात पडून राहिल्याने भाऊ टिकत नाही, ते मी पुष्कळ बायकांचे पाहिले आहे. हातात स्वतःच्या दाराची किल्ली असली म्हणजे बोलावणाऱ्या माणसाच्या आवाजात जोर येतो.

तो आला की उंबऱ्यावर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा. जेवताना त्याला घराचे, गाळ्यांचे, कागदाचे काही विचारू नये. त्याने स्वतः विषय काढला तर ऐकून घ्यावे आणि आमटी वाढावी. त्याला पाणी भरायला, लाकडे फोडायला, बाजारात जायला सांगू नये. माहेरी आलेल्या माणसाला काम सांगत नाहीत. निघताना शिदोरी बांधून द्यावी, रिकाम्या हाताने पाठवू नये.

आणि दुपारी तो ओसरीवर झोपला तर उठवू नये, आपोआप उठेपर्यंत झोपू द्यावे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याची माझी हौस नाही. वरील सर्व मजकूर मी लिहिला, वकीलबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझाच आहे. साक्षीदार मी निवडले आहेत. बिभीषणला निवडण्याचे कारण असे की माझे प्रत्येक वाक्य तो इतकी वर्षे गावभर सांगत आला आहे. हेही तो विसरणार नाही आणि कोणाला विसरू देणार नाही. त्याला निरोप पाठवला, तो आला, सरपंचाला ओलांडून खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "कुठं करायची सही, काकू?"

सही : छबुबाई भ्र. आश्रुबा दहिफळे

आम्ही खाली सही करणार दोघे असे लिहून देतो की छबुबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत, प्रत्येक पानावर सही केली आणि त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १ : बिभीषण पि. सटवा दराडे, माजी सरपंच, रा. करंजवाडी

साक्षीदार २ : म्हाळू पि. तानाजी घोळवे, पिठाची गिरणी, रा. करंजवाडी

ठिकाण : करंजवाडी, ता. परळी वैजनाथ, जि. बीड
तारीख : ६ फेब्रुवारी २०२५