वसुधाच्या नेच्याचं नाव

ठाणे, ऑगस्ट १९८९, रविवार संध्याकाळ

मन अजून थाऱ्यावर नाही. कॉलेजात माझ्यासोबत शिकवणारी वसुधा आजारात गेली, त्याआधी तिने घाटातल्या ओल्या कातळावरून हा पापुद्र्यासारखा नेचा आणलेला. नवी जात म्हणून मी त्याला तिचंच नाव दिलं. त्यावरचा शोधनिबंध उद्या छापायला पाठवायचा होता. तिच्या आईला तर कधीच सांगून बसलेले.

आज सकाळी वाळकं पान भिजवून पुन्हा भिंगाखाली धरलं. बीजाणूंची वाटी नळीसारखी आहे, यावरच मी जात नवी ठरवलेली; ती दोन ओठांसारखी उघडली. दोन ओठ. म्हणजे जुनीच जात, नाव केव्हाच ठरलेलं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?

दुपारी डोंबिवलीला वसुधाच्या आईकडे जाऊन काकूंना सगळं सांगितलं, त्या दोन ओठांसकट. मला उठून पळावंसं वाटलं.

"अगं, मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय," त्या हळूच म्हणाल्या. "आता हेही सांगते. खोटं तिला चाललं नसतं."

निघताना त्यांनी दारात थांबवलं. "त्याचं खरं नाव काय गं? लिहून दे. मला पाठ करायचंय."