येताना मोजलेली माणसं

२७ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची. मिरजेहून पहाटेची गाडी, कोल्हापूरला दुसरी, आणि फोंडा घाट उतरला तसा खिडकीतून येणारा वारा एकदम दमट झाला. मालवण स्टँडवरून रिक्षाने तारकर्लीच्या बाजूला, नारळांमधल्या रस्त्याने, खाडीकाठच्या या वाडीत. पुण्यातली नोकरी गेल्यापासून चार महिने घरी बसून होते. आता महिनाभराचं का होईना, काम आहे, आणि खिडकीतून पाणी दिसतं.

राहायची सोय जानकीकाकींकडे आहे. पन्नाशीच्या, एकट्याच राहतात. चिऱ्याचं घर, पुढे सारवलेलं खळं. नवरा परशुराम बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी गोव्याला कामाला गेला तो अजून आला नाही, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मग म्हणाल्या, "बस गो, जेवान घे." बांगड्याचं तिकलं आणि भात. इतकी जेवले की आडवी पडून लिहितेय. अक्षराला माफी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

काम समजलं. इथल्या बोटवाल्यांची संस्था पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेते. या मोसमापासून प्रत्येक फेरीत कोण चढलं आणि कोण उतरलं याची फाइल रोज सरकारी पोर्टलवर पाठवायची आहे, आणि ती एक्सएमएलमध्येच हवी. संस्थेचे सचिव काशिनाथराव निवृत्त कारकून आहेत, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांना मी डब्यांचं उदाहरण दिलं. दिवस हा मोठा डबा, त्यात फेरी, फेरीत बोट, बोटीत माणसं. उघडलेला प्रत्येक डबा बंद झालाच पाहिजे, आणि आतला आधी. एक झाकण राहिलं तरी पोर्टल अख्खी फाइल परत पाठवतं. काशिनाथरावांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. मला मॅडम म्हणतात. वडिलांपेक्षा मोठे आहेत.

माझ्याआधी ज्याने हे केलं त्याने मजकुराचे तुकडे एकापुढे एक चिकटवले होते. एका बोटीच्या नावात 'अँड'ची खूण (&) आहे, ती एक्सएमएलला तशी चालत नाही, तेवढ्याने रोजची फाइल मोडायची. माझा प्रोग्रॅम आधी सगळी मांडणी मेमरीत उभी करतो आणि मगच लिहितो, त्यामुळे झाकण विसरायचा प्रश्नच नाही. जेटीवर संस्थेचा नोंदणीवाला महादू टॅबलेट घेऊन बसतो. चढणाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा नंबर दाबला की त्या माणसाचा डबा उघडतो. उतरताना तोच नंबर दाबला की बंद. न उघडलेला डबा कुणी बंद करू पाहिला तर प्रोग्रॅम जागीच थांबतो. हा नियम मी मुद्दाम घातलाय.

खोटी नावं घालून दिवसभर चाचण्या केल्या. एकही चूक नाही. संध्याकाळी वाळूत चालून आले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला खरा दिवस. तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. चौथी बारा वाजताची, धोंडू तांडेलच्या बोटीची. ती परतली आणि प्रोग्रॅम थांबला. जॅकेट ३१ उतरलं, चढल्याची नोंद नाही.

संस्थेकडे जॅकेटं तीसच आहेत. महादूने १३ उलटं दाबलं असेल म्हणावं, तर १३ चढलाय आणि उतरलाही आहे. महादूला विचारलं. म्हणाला, एकतीस दिसला म्हणून एकतीस दाबला. माणूस कसा होता, विचारलं. "मी नंबर बघतंय, तोंडां नाय."

नोंद हाताने काढली आणि फाइल पाठवली. पोर्टलने घेतली. पण नीट वाटलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज पुन्हा. तीच बोट, तीच फेरी, तोच नंबर.

कुणीतरी मुद्दाम करतंय. पहिला संशय महादूवर. इतकी वर्षं वहीत लिहायचा, हा टॅबलेट त्याला नकोच होता. दुसरा धोंडूवर. तो माझ्याशी बोलत नाही; मी जेटीवर गेले की दोरखंड घेऊन बोटीच्या पलीकडे जातो. चहाच्या टपरीवर चार बोटवाले बसले होते. मी सहज म्हटलं, एकतीस नंबरचं जॅकेट कुणाकडे आहे का. कुणी नाही म्हणालं नाही. एकाने चहा अर्धा टाकून पैसे ठेवले आणि गेला.

संध्याकाळी कोठीतली जॅकेटं स्वतः मोजली. तीस. कुलूप लावून किल्ली माझ्याकडे ठेवली.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मीच महादूशेजारी उभी राहिले. बाराच्या फेरीला चौदा जण चढले. प्रत्येकाचं तोंड बघून मोजले. चंदगडचं एक कुटुंब, बेळगावची पाच मुलं, दोन नवीन लग्न झालेली जोडपी. चौदा.

सव्वा वाजता बोट परतली. मी मोजायला लागले तसा धोंडू बोटीतूनच ओरडला, "येताना माणसां मोजू नको गो." मी मोजत राहिले. ऊन डोळ्यांवर, सगळ्यांची डोकी भिजलेली, सगळी जॅकेटं नारिंगी. पंधरा.

पंधरावा कोणता ते सांगता येणार नाही. मोजून झाल्यावर बघितलं तर चौदाच जण फोटो काढत होते. पण जॅकेटांच्या ढिगात पंधरा जॅकेटं होती. तळाचं जुनं, रंग उडालेलं, पट्ट्यांना बारीक कालवं चिकटलेली. पाठीवर ३१.

ते उचलून कार्यालयात नेलं आणि काशिनाथरावांच्या टेबलावर ठेवलं. टेबलावरून पाणी ठिबकत राहिलं. त्यांनी जॅकेटाला हात लावला नाही. म्हणाले, जुना माल असेल, पोरं कुठून कुठून उचलून आणतात. मग म्हणाले, प्रोग्रॅममध्ये अशी सोय करा की असली नोंद आपोआप गळून पडेल. "मॅडम, जो चढलाच नाही तो उतरेल कसा?"

हे वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा उच्चारलेलं नाही. इतकं गुळगुळीत होतं ते.

३ नोव्हेंबर, सोमवार

धोंडूला गाठलं. सकाळी तो एकटाच बोट धूत होता. जॅकेट तसंच कार्यालयात पडलंय आणि अजून ओलं आहे, एवढंच सांगितलं. त्याने बादली खाली ठेवली. मग सगळं बोलला, मालवणीत, खाली मान घालून. इथे माझ्या शब्दांत लिहिते.

तीन वर्षांपूर्वी, असाच मोसम. बोटीत परवान्यापेक्षा सहा माणसं जास्त घेतली होती. इंजिन मध्येच बंद पडत होतं, म्हणून निघता निघता परशुरामला बरोबर घेतलं. शिल्लक होतं ते एकतीस नंबरचं जॅकेट त्याने घातलं. नाव कुणी लिहिलं नाही. संस्थेचाच माणूस, त्याचं काय लिहायचं. खाडीच्या तोंडाशी लाट आली, सगळे एका बाजूला सरकले, आणि किनाऱ्याला लागल्यावर परशुराम बोटीत नव्हता. कबूल केलं असतं तर सगळ्यांचेच परवाने गेले असते. काशिनाथरावांनी यादी काढून दाखवली. यादीत नाव नाही, म्हणजे तो गेलाच नाही. गोव्याला गेला, असं जानकीला सांगायचं ठरलं.

तेव्हापासून येताना कुणी माणसं मोजत नाही. "मोजलां की एक जास्त भरता," धोंडू म्हणाला. "तू ता यंत्र आणलंस. ता मोजता."

जानकीकाकींनी दुपारी घावणे केले होते. मी अर्धा ताटात तसाच ठेवला. त्यांनी विचारलं, मिरजेची आठवण येते का. हो म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काशिनाथरावांच्या टेबलावर जॅकेट नव्हतं, नुसता ओला डाग होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि समोर बसवून ती सोय करून घेतली. दोन ओळींचं काम. न चढता उतरलेल्याची नोंद आली तर सोडून दे, पुढे जा. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. चार महिने घरी बसल्यावर माणूस पटकन नाही म्हणत नाही, एवढंच खरं.

बाराच्या फेरीनंतर महादूने एकतीस दाबला. प्रोग्रॅम थांबला नाही. फाइल बिनतक्रार गेली.

घरी आल्यावर जानकीकाकींकडे बघवलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज काशिनाथराव स्वतः धोंडूच्या बोटीत बसले. बोटवाल्यांची भीती मोडायची म्हणे. जॅकेट घेतलं नाही. महादूने त्यांची नोंद केली नाही. सचिवांची कसली नोंद.

यादीवर चौदा चढले. यादीवर चौदा उतरले. फाइल स्वच्छ.

तीन वाजता त्यांच्या बायकोचा, सीताबाईंचा फोन आला. अजून जेवायला आले नाहीत. त्यांची स्कूटर जेटीवरच उभी होती.

मग मी टॅबलेटमधल्या कच्च्या नोंदी उघडल्या. उतरताना महादूने पंधरा वेळा दाबलंय. पंधरावा एकतीस, तो माझ्या दोन ओळींनी सोडून दिला. म्हणजे काशिनाथराव धरून पंधरा गेले आणि पंधराच आले. डोकी बरोबर भरली. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

धोंडू म्हणतो ते त्याच्या मागेच बसले होते. त्याने वळून बघितलं नाही. येताना वळून बघत नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोलिस येऊन गेले. संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्या फाइलची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली. यादीत नाव नाही, म्हणजे ते बोटीवर गेलेच नाहीत. सीताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. प्रत बरोबर असल्याची सही करा, असं मला सांगितलं. पेन हातात दिलं.

सही केली नाही. उद्या करते म्हटलं आणि बाहेर पडले.

त्या दोन ओळी काढल्या. नुसत्या काढून भागणार नव्हतं, प्रोग्रॅम पुन्हा थांबला असता. म्हणून नवा डबा केला, दिवसाच्या आत, फेऱ्यांच्या बाहेर. न लिहिता गेलेले. जो कुणी न चढता उतरेल त्याची नोंद त्यात जाईल. नंबर नसला तरी चालेल, नाव नसलं तरी चालेल. कुणालाही परत पाठवायचं नाही. तपासून बघितलं. रचना बरोबर आहे.

मग जानकीकाकींना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. गोव्याहून एक फोन नाही, एक पत्र नाही, आपल्याला काय कळत नव्हतं का, म्हणाल्या. मग विचारलं, उद्या बोट किती वाजता येते. "तेचा नाव पुरां लिव. मी थंय येतंय."

७ नोव्हेंबर, शुक्रवार. जेटीवर

बोटी बंद ठेवल्या नाहीत. बंद ठेवणं म्हणजे कबुली. बाराची फेरी गेली. अकरा जण. काकी माझ्या शेजारी उभ्या आहेत. इस्त्रीचं लुगडं.

अध्यक्षांचा निरोप आला, सहीला या. गेले नाही.

सव्वा झाला. बोट दिसतेय. जड चालतेय. धोंडू मागे बघत नाही.

लागली. उतरतायत. अकरा जण उतरले. मग एकतीस. महादूने या वेळी वर बघितलं आणि टॅबलेट टाकून पळाला. टॅबलेट मी घेतलाय. नाव पुरतं लिहिलं. काकींनी त्याचा हात धरला. त्याच्या बाहीतून पाणी — काकी त्याला घेऊन घराकडे चालल्या आहेत. त्याने जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, आभार मानावेत तशी.

फाइल थांबली नाही. नवा डबा उघडला, नाव आत गेलं.

तेरावे काशिनाथराव. खिशाला एकच पेन. माझ्यासमोर उभे. नाव लिहिलं, तरी घराकडे वळत नाहीत — बाजूला सरून मागच्याला वाट देतायत.

मागे अजून कुणी आहे. जॅकेट नाही. नाव विचारलं. सांगितलं त्याने, पण ते जुन्या काळच्या गलबतावरच्या माणसाचं असावं तसं काहीतरी — लिहून घेतलं.

पंधरा. बाई आहे. नाव सांगत नाही. तशीच घेतली.

सोळा. सतरा.

धोंडू बोटीत नाही. बोट रिकामी आहे. हे बोटीतून उतरत नाहीत — पाण्यातून सरळ पायऱ्यांवर —

पर्यटक कुठे गेले. वाळूवर कुणीच नाही. ऊन लख्ख आहे.

टॅबलेट भिजला, दाबला जात नाही. इथेच लिहितेय. हे थांबतायत. प्रत्येक जण लिहून होईपर्यंत थांबतो, मग काशिनाथरावांशेजारी जाऊन उभा राहतो. कुणी घरी जात नाही. यांची घरं —

एकवीस. बावीस.

आतला डबा मिटल्याशिवाय दिवस मिटता येत नाही आणि रांगेचं शेवटचं टोक मला दिसत नाही, खाडीच्या तोंडापर्यंत डोकीच डोकी, आणि त्यांच्याही मागे पाणी हलतंय, तेवीस, चोवीस, हा माझा हात धरून नाव सांगतोय, पंच—