माघारी वळलेले खूर

कांतो तळे, उत्तर काठ, मिनेसोटा
२६ नोव्हेंबर, सकाळ

चि. कालेर्वो यास, दक्षिण काठी,

तुझी प्रकृती कशी आहे हे विचारीत नाही, कारण ती मला दुर्बिणीतून दिसते. माझी उत्तम आहे. तुला त्याचे दुःख होईल, पण इलाज नाही. सख्ख्या धाकट्या भावास चार वर्षांच्या अबोल्यानंतर लिहावयाच्या पत्राचा मायना कसा असावा, याविषयी सर्व शास्त्रे मौन पाळून आहेत.

प्रथम तळ्याचे वर्तमान. यंदा ते पंधरा तारखेस गोठले. संयम ज्यांच्या कुळास ठाऊक नाही ते हालोनेन बंधू तिसऱ्याच इंचावर मासेमारीची झोपडी ओढीत घेऊन गेले आणि सायंकाळी झोपडीवाचून परतले. माशांना ती आवडली असावी. कोल्हा रोज पहाटे तळे ओलांडतो, एका रेषेत, पावलावर पाऊल ठेवीत, जणू निकाल द्यायला निघालेला न्यायाधीश. पाणमांजर मात्र पोटावर घसरत जाते. प्रौढ प्राण्यास हे शोभत नाही, तरी आमच्या नगरसभेच्या सभासदांहून त्याची चाल अधिक प्रगल्भ आहे.

आता एका चौथ्या प्राण्याविषयी. द्विपाद, रबरी बुटांचा, वजन अदमासे दोनशे वीस पौंड, डावा पाय ओढणारा. हा गेले सहा दिवस दक्षिण काठावरून निघतो, मध्य ओलांडतो, एका जागी उभा राहून हिम तुडवतो आणि परत जातो. शनिवारी मी बाबांची सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोपी, पेटवून वाफ काढली, तेव्हा धुराच्या वासाने तो सर्वांत जवळ आला: माझ्या धक्क्यापासून दोनशे दहा पावले. तेथे त्याने तंबाखू थुंकली आहे. ओळख पटण्यास एवढे पुरे.

इथवरचा विनोद मला साधला. पुढे साधेल असे नाही.

काल तुझ्या ठशांत पाणी भरले होते. राखाडी पाणी. माझ्या बाजूच्या झऱ्यापासून अवघ्या पंधरा पावलांवरून तू चालतोस, मूर्खा! झरा तेथला बर्फ खालून खातो, आणि वर पडलेल्या तीन इंच हिमाने सगळे सारखेच पांढरे दिसते. मी दूरध्वनी केला. आवाज ओळखताच तू ठेवलास. गाडी काढून तुझ्या फाटकापर्यंत आलो आणि तसाच परतलो. हा पराक्रम मी आजवर कोणास सांगितलेला नाही.

उरली टपालवाली डार्लीन. काल तिला विचारले, तर ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तळ्यावरून आठशे पावलं, आणि पत्र माझ्या गाडीतून चौदा मैल फिरणार? लाज वाटत नाही का हो, मास्तर?"

"वाटते. म्हणूनच पाकीट बंद असेल."

"तो रोज विचारतो हं तुमच्याबद्दल."

"काय विचारतो?"

"'थेरडा जिवंत आहे ना गं?' मी सांगते, 'आहे. जरा जास्तच आहे.'"

तर आज दुपारी ती हे तुझ्या हाती देईल. पण तू यावर विश्वास का ठेवावास? बर्फाविषयी माझ्या शब्दावर तू एकदा विश्वास ठेवला आहेस. दुकानात, कॉफीच्या किटलीपाशी, दहा माणसांसमक्ष मी घोषणा केली होती: "हरिणी तळे ओलांडून गेली. मृगी गेली, मनुष्य जाईल." वचन इतके झोकदार होते की मी ते दोनदा उच्चारले. तू बर्फगाडी काढलीस आणि गाडीसकट पाण्यात गेलास. उरलेली हकीकत तुझ्या डाव्या पायाच्या तीन बोटांना ठाऊक आहे, आणि नसलेल्या दोन बोटांना अधिक.

इस्पितळात तू विचारलेस, "दादा, तू नीट पाहिलं होतंस ना?" मी म्हणालो, "पाहिलं होतं. तूच वाट सोडलीस." गावाने ते मानले. पुढे पुढे तूही मानू लागलास, असे ऐकतो.

कालेर्वो, तू वाट सोडली नव्हतीस.

मी खिडकीतून पन्नास पावलांपर्यंतचे खूर पाहिले होते. हातात कॉफी होती, बाहेर वारा होता. पुढचे मी गृहीत धरले. अपघाताच्या दुसऱ्या सकाळी एकटा चालत गेलो. हरिणी साठाव्या पावलावर थांबली होती. तिने खूर आपटला होता, बर्फाचा आवाज ऐकला होता, आणि ती माघारी वळली होती. ते ठसे इतके स्पष्ट होते की पहिलीतल्या मुलानेही वाचले असते. दुपारी हिम पडले. ते हिम मला फार सोयीचे वाटले. तीस वर्षे मुलांना जीवशास्त्र शिकवून मी कमावलेली विद्या ती एवढी.

क्षमा मागण्याची भाषा मला येते. ती इतकी चांगली येते की या प्रसंगी वापरू नये.

आज उजाडताच पहार घेऊन बाहेर पडलो. धक्क्यापासून निघून, झरा डावीकडे दूर टाकून, मोठ्या खडकाच्या अंगाने मध्यापर्यंत गेलो. दर वीस पावलांवर बर्फ फोडून जाडी मोजायला पट्टी घातली. वीस भोके. सर्वांत कमी भरले ते पावणेपाच इंच, अकराव्या भोकाशी; चालत्या माणसास चार पुरतात. प्रत्येक भोकापाशी देवदाराची फांदी रोवली आहे. मध्यानंतरचा तुझ्याकडचा भाग मी पाहिलेला नाही. त्याविषयी मी काहीही सांगत नाही. तू तेथून काल गेलास, एवढ्यावरून आज जाऊ नकोस.

येत्या शनिवारी सौना चारला तापेल. माझ्या शब्दावर येऊ नकोस. तुझी पहार घेऊन ये, माझ्या फांद्यांपाशीसुद्धा ठोकून पाहा, आणि मगच पुढचे पाऊल टाक.

आणि जेथे आवाज पोकळ येईल तेथून, मी धक्क्यावर उभा असलो तरी, परत फीर.

तुझा दादा,
ताइस्तो